तीन स्वच्छ ठोके

हृदयाचा आलेख काढणारी माणसं १९७६ साली नागपुरात मोजकीच होती, आणि तो देखणा काढणारा माणूस एकच होता. श्रीधर हरकरे, वय त्रेचाळीस, राहणार सक्करदरा, नोकरी शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. त्यांच्या हातचं कार्ड ओळखायला सहीची गरज नसे. इतरांची कार्डं पाहून डॉक्टरांना रोग कळत असेल. हरकऱ्यांची कार्डं पाहून आधी समाधान वाटे, मग रोग.

त्या वेळचं यंत्र एका वेळी एकच रेघ काढी. माणसाच्या हातापायांना पट्टे बांधायचे, छातीवर जेली लावून रबरी फुग्याची वाटी चिकटवायची आणि बटण फिरवायचं. तापलेली सुई मेणाच्या कागदावर चालू लागे आणि दोन-तीन बोटं रुंद पट्टी बाहेर येत राही. अशी बारा जागांची बारा टिपणं मिळून एका माणसाचं हृदय होई. ही हातभर-हातभर लांब पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन टाकायची पद्धत नव्हती. तंत्रज्ञाने प्रत्येक जागेचे तीन ठोके कापायचे, पुठ्ठ्याच्या कार्डावर ओळीने चिकटवायचे आणि उरलेलं टोपलीत टाकायचं. टोपली संध्याकाळी बंबात जाई.

हे काम त्यांना शिकवलं रामाजींनी. रामाजी त्यांच्या आधीचे तंत्रज्ञ. त्याआधी क्ष-किरण विभागाच्या अंधारखोलीत फोटो धुवत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पेशंट हलला, खोकलला, घाबरला, का पट्टी खराब येते. ते डॉक्टरले दाखवलं म्हणजे आपणच आपली चुगली केली. तीन स्वच्छ ठोके पाह्यचे, तेवढेच उचलायचे. बाकी कचरा."

हरकऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारात पत्रांच्या नकला करायला आले आणि राज्य गेल्यावरही नकला करतच राहिले. त्या घरात खाडाखोड हा चारित्र्याचा दोष मानत. तेव्हा मुलाबाळांच्या पोटापाण्यासाठी त्यांनी कागद कापायचं काम पत्करलं, ते एकही ठोका वाकडा न लावण्याच्या निश्चयानेच.

दोन वर्षांपूर्वी डॉ. अरुंधती खानझोडे यांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. या बाई मेडिसिनच्या व्याख्यात्या. बोलणं तुटक, चष्मा जाड, आणि सगळ्या विभागात फक्त त्यांनाच एका प्रश्नाने पछाडलेलं. सावनेरच्या पुढे एका कोळसा खाणीत धडधाकट माणसं उभ्या उभ्या मरत होती. छातीत कळ नाही, घाम नाही, आधी ताप नाही. लोक म्हणत, बाहेरचं लागलं. खाणीच्या दवाखान्यात लिहीत, 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू', जे तसं पाहिलं तर कुठल्याही मेलेल्या माणसाबद्दल लिहिता येतं. बाईंना जाणून घ्यायचं होतं की हृदय बंद पडण्यापूर्वी काही इशारा देतं की नाही. त्यासाठी खाणीतल्या तीनशे बारा माणसांचे आलेख काढायचे, दर सहा महिन्यांनी पुन्हा काढायचे आणि वाट पाहायची. वाट कशाची पाहायची, हे अर्जात लिहिलेलं नव्हतं.

दर बुधवारी हरकरे लाकडी पेटीतलं यंत्र घेऊन जीपने खाणीवर जात, दिवाघरातल्या बाकावर माणसं निजवत आणि आलेख काढत. दिवाघर म्हणजे जिथे खाणकामगारांचे डोक्याचे दिवे चार्ज होतात ती खोली. तिथेच बसून ते पट्ट्या कापत, तुकडे रुग्णालयातल्या टोपलीसाठी पिशवीत भरत आणि कार्डं तयार करून संध्याकाळी बाईंना देत. दोन वर्षांत दोघं गेले. धोंडबा हा कोळसा भरणारा, डबा उघडून पहिला घास तोंडाशी नेताना गेला. देवराव पंपावर होता. पंप चालू होता, तो नव्हता. दोघांची कार्डं बाईंनी दहा वेळा पाहिली. दोन्ही निर्मळ होती. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की निदान या लोकांत तरी हृदय आधी काही सांगत नाही. त्याचा निबंध तयार झाला. मे महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांच्या एका परिषदेत तो वाचायचा होता आणि त्यासाठी मोठे तक्ते हवे होते. हरकऱ्यांचं अक्षर चांगलं, म्हणून तक्ते त्यांच्याकडे आले.

गुरुवारी दुपारी ते वाळ्याच्या पडद्याआड बसून तक्ता काढत होते. बाईंनी समोर एक परदेशी मासिक ठेवलं होतं, बोटीने तीन महिने उशिरा आलेलं. त्यात एका रुग्णाची पट्टी छापली होती. तीच मोठी करून काढायची. खाली लिहायचं, 'असे ठोके आपल्याकडे आढळले नाहीत.' हरकऱ्यांनी पेन्सिलने पहिला ठोका काढला, दुसरा काढला. तिसरा वेगळा होता. वेळेच्या आधीच आलेला, रुंद, उलटा, दारू प्यायलेल्या माणसासारखा आधीच्या ठोक्याच्या अंगावर पडलेला. त्यानंतर जरा मोकळी जागा, आणि पुन्हा शहाणे ठोके.

त्यांचा हात थांबला. हे वळण हाताला पाठ होतं. काढायचं नव्हे, कापायचं.

ते मासिक घेऊन बाईंच्या खोलीत गेले.

"मॅडम, हा पेशंट हललाय."

बाईंनी मान वर केली नाही. "हलला नाही, हरकरे. मेला. चार दिवसांनी."

"पण हे हलल्यासारखं..."

"तसं दिसतं. हे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून भलत्याच वेळी उठलेले ठोके आहेत. अधूनमधून एखादा कुणालाही येतो. पण फार यायला लागले, रांगेने यायला लागले किंवा आधीच्या ठोक्याच्या शेपटीवर पडले, की कधीतरी हृदय नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही. तीन-चार मिनिटांत खेळ आटोपतो." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या बाराशेहून जास्त कार्डांवर हे एकदाही नाही. म्हणून तर निबंधाला अर्थ आहे."

"असा माणूस दचकला, घाबरला तर?"

"तर आणखी वाईट. का?"

"काही नाही. तक्त्यासाठी विचारलं."

आपल्या खोलीत येऊन त्यांनी टोपली उचलून पाहिली. टोपली रिकामी होती. दोन वर्षांचा कचरा रुग्णालयाच्या अंघोळीच्या पाण्याला लागला होता.

धोंडबाची पट्टी आठवते का, म्हणून त्यांनी डोळे मिटून पाहिलं. आठवेना. देवरावाचीही नाही. शेकडो माणसं त्यांच्या हाताखालून गेली आणि स्वच्छ होऊन कार्डावर चढली. आठवला तो एकच, कारण त्याला ते रागावले होते. तीन आठवड्यांपूर्वीचा बुधवार. नत्थूजी काळबांडे. फूटभर पट्टी वाया गेली होती, तरी तीन सलग चांगले ठोके मिळेनात.

"नत्थूजी, हलू नका म्हटलं ना."

"मी नाही हललो भाऊ. तुमची मशीनच हलून राह्यली असन."

"मशीन सरकारी आहे, ती हलत नाही. श्वास रोखा."

नत्थूजीने श्वास रोखला होता. तीन ठोके मिळाले होते. ते चिकटले.

आणि नत्थूजी काळबांडे कोळसा भरत नव्हता, पंपावरही नव्हता. खाणीच्या तोंडावर जे मोठं इंजिन असतं, दोरखंडाला बांधलेली लोखंडी डोली शंभर-सव्वाशे मीटर खोल सोडणारं आणि वर ओढणारं, त्या इंजिनचा तो खलाशी होता. डोलीत बारा माणसं उभी राहतात. त्यांचा जीव त्या वेळी नत्थूजीच्या उजव्या हातात असतो.

संध्याकाळी जेवताना हरकरे हातात पोळीचा तुकडा धरून बसले. त्यांची बायको नीला कूलरमध्ये पाणी ओतत होती.

"अहो, भाजी आवडली नाही तर तसं सांगा. पोळीला काय शिक्षा?"

"एका माणसाला मी उगाच रागावलो."

"मग जाऊन सांगा त्याला."

"तो सावनेरच्या पुढे राहतो."

"एस.टी. जाते ना," नीला म्हणाली आणि पाणी ओतत राहिली.

शुक्रवारी सकाळी ते खरं सांगायचं ठरवूनच बाईंच्या दारात उभे राहिले. आत दोन विद्यार्थी होते. बाईंनी विचारलं, "तक्ते झाले?"

"एक राहिला."

"उद्या पाहिजे."

"हो," हरकरे म्हणाले, आणि परत फिरले. स्वतःला त्यांनी असं सांगितलं की, आधी पुरावा पाहिजे. पुराव्याशिवाय बोलणं अशास्त्रीय. भित्रेपणाला इतकं भारदस्त नाव त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं. मग त्यांनी यंत्राची पेटी उचलली. पेटी बाहेर न्यायला फाटकाचा पास लागतो. चौकीदाराने मात्र नेहमीसारखा सलाम ठोकला. पेटी बुधवारी बाहेर जाते हे त्याला ठाऊक होतं. आज शुक्रवार आहे, हे पाहणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

सावनेरच्या गाडीत त्यांनी पेटी मांडीवर घेतली. बाहेर शेहेचाळीस डिग्री ऊन, आत त्याहून जास्त माणसं. मेणाचा कागद उन्हाने काळा पडतो, म्हणून कागदाचा रोल त्यांनी ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवला होता आणि डबा पायांच्या मधे. सावनेरपासून पुढे ट्रकने. खाणीवर पोचले तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते.

दोनला पाळी बदलते. सकाळची माणसं वर येतात, दुपारची खाली जातात. खाणीच्या तोंडावर भैयाजी उभा होता. डोलीत माणसं मोजून भरायची आणि घंटीने इंजिनघराला इशारा द्यायचा, हे त्याचं काम.

"काय भाऊ, आज बुधवार हाय काय?"

"नत्थूजी कुठे आहे?"

"इंजनवर. दुसरं कुठं राह्यन?"

"मला त्याला भेटायचंय. आत्ता."

भैयाजीने तंबाखू तळहातावर तशीच ठेवली. "आत्ता? शे-दीडशे माणूस वर-खाली होते आता. तिथं पाटी लावली हाय मोठी, 'चालकाशी बोलू नये'. तुमाले तं वाचता येते."

"त्याची तब्येत बरी नाही."

"सकायी दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले त्यानं. माह्यासमोर. तब्येत तुमची बरी दिसत नाही, बसा सावलीत."

"भैयाजी, मी चेष्टा करत नाही. त्याला इंजिनवरून उठवा. मॅनेजरांना सांगा."

"साहेब नागपूरले गेले, मीटिंगले. दुसरा खलाशी तीनले येते. आन तुमाले कसं कयलं गा, का तो बरा नाही? तुमच्याच कारडावर तं फस्क्लास होता."

याला उत्तर होतं. ते दिलं असतं तर भैयाजीने कदाचित ऐकलंही असतं. हरकऱ्यांच्या तोंडून ते निघालं नाही. तेवढ्यात भोंगा झाला, दोनदा लांब, आणि भैयाजी डोलीकडे वळला.

हरकरे इंजिनघराच्या दारात गेले. दाराशी एक बाक होता. पाटी समोरच होती, लाल अक्षरांत. आत नत्थूजी उंच खुर्चीवर बसला होता, उजवा हात दांड्यावर, पाय ब्रेकवर, नजर समोरच्या तबकडीवर. तबकडीवरचा काटा डोली किती खोल आहे ते दाखवतो. वरच्या टोकाजवळ पांढरी खूण, तिथे आली की वेग कमी करायचा. नत्थूजी पन्नाशीचा, सुकलेला, मानेच्या शिरा दिसाव्यात असा. त्याने कुणी आल्याचं पाहिलं नाही. पाहायचं नसतंच.

ओरडावं का? पण दचकला तर आणखी वाईट, हे त्यांनी काल स्वतःच विचारून घेतलं होतं. ते बाकावर बसले. पेटी मांडीवर.

घंटी तीनदा वाजली. म्हणजे डोलीत माणसं आहेत. मग दोनदा, खाली सोड. इंजिनने श्वास घेतला, दोरखंडाचं अजस्र चाक फिरू लागलं. काटा खाली गेला. थांबला. तीनदा, मग एकदा, वर घे. काटा वर आला. पांढरी खूण. वेग कमी. थांबला. बाहेर लोखंडी दार आपटल्याचा आवाज, बोलणी, हसणी. बारा माणसं वर आली होती आणि त्यांना आपण कशातून आलो हे माहीत नव्हतं.

हरकऱ्यांनी आयुष्यभर ठोके कागदावर पाहिले होते. आता पहिल्यांदाच ते त्यांना माणसाच्या मानेत दिसले. नत्थूजीच्या गळ्याजवळची शीर उडत होती: एक, दोन, तीन, आणि मग एक गाळलेली जागा. एक, दोन, जागा. एक, जागा. एक, जागा. त्यांची बोटं नकळत पेटीच्या झाकणावर ते मोजू लागली. त्यांनी पट्टीवरून कापून टाकलेलं सगळं तिथे गळ्यात तसंच्या तसं शाबूत होतं.

तिसरी खेप. चौथी. पाचवीला नत्थूजीने डाव्या हाताने कपाळ पुसलं. सातवीला त्याने मान एकदा झटकली, माशी हाकलावी तशी. इंजिनघरात माशी नव्हती.

नववी खेप वर येत होती. तीन घंट्या झालेल्या. डोलीत बारा जण. काटा पांढऱ्या खुणेकडे सरकत होता आणि नत्थूजीची हनुवटी हळूच छातीकडे आली. दांड्यावरचा हात तिथेच होता, पण तो हात आता दांड्यावर नुसता ठेवलेला होता. काटा पांढऱ्या खुणेवरून पुढे गेला. वेग तोच.

हरकरे उभे राहिले. पेटी मांडीवरून घसरली, ती त्यांनी गुडघ्यावर झेलली, आवाज होऊ नये म्हणून. एक सेकंद, पट्टीवर अडीच सेंटिमीटर. दोन सेकंद. तीन. चार म्हणजे दहा सेंटिमीटर, इतकी लांब कोरी पट्टी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

नत्थूजीची मान वर आली. त्याने काट्याकडे पाहिलं, आणि हात-पाय एकदम जागे झाले. ब्रेक लागला. चाक किंचाळलं, दोरखंड थरथरला आणि डोली ठरल्या जागेच्या हातभर वर जाऊन थांबली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हळू ना गा नत्थू, माणसं हायेत, कोयसा नाही." बाकीचे हसले. नत्थूजीने डोली हातभर खाली घेतली. दार उघडलं. बारा जण उतरले.

आणखी पाच खेपा झाल्या. त्यांबद्दल हरकऱ्यांना पुढे कधी काही सांगता आलं नाही.

तीनला दुसरा खलाशी आला. नत्थूजी खुर्चीवरून उतरला आणि दारात पेटीसकट उभा असलेला माणूस पाहून कुणी काही विचारायच्या आतच म्हणाला, "डोयात कोयसा गेला होता."

"इथे आत?"

नत्थूजी चलाख माणूस होता. त्याने उलट विचारलं, "काहून आले भाऊ तुमी आज?"

"त्या दिवशी तुम्ही हलला नव्हता."

"मंग? तेच सांगून राह्यलो होतो ना मी. मले किती झाडलं तुमी."

"चुकलो. चला, पुन्हा एकदा काढू."

दिवाघरात शेकडो दिवे चार्जिंगला लागलेले. त्यांच्या विजेने रेघ थरथरते, म्हणून हरकऱ्यांनी यंत्राची अर्थिंगची तार नळाला बांधली. नत्थूजी बाकावर आडवा झाला. बटण फिरलं. या वेळी ते हलू नका म्हणाले नाहीत, श्वास रोखा म्हणाले नाहीत. सुई चालत राहिली आणि पट्टी बाहेर पडत राहिली, बाकाखाली, दिव्यांच्या रांगेखाली, दाराकडे. वीस मिनिटांनी रोल संपला. तीस मीटर. शहाणे ठोके आणि उलटे ठोके, काही ठिकाणी एकाआड एक, एका ठिकाणी तीन सलग, आणि मधे कुठेतरी सलग पाच. त्या पाचांशी ते जरा वेळ थांबले. सहावा का आला नाही, हे पट्टीवर लिहिलेलं नव्हतं.

नत्थूजी उठून बसला. वाचता येत नव्हतं, पण समोरच्या माणसाचं तोंड वाचता येत होतं.

"खराब हाय?"

"खराब आहे."

"हे सगळी नेता काय?"

"सगळी."

"तुमी तं कापून लावता ना. मी पाह्यलं हाय, इथंच बसून कापता. चांगले चांगले तीन लावा ना भाऊ."

हरकरे पट्टी गुंडाळत होते. नत्थूजी हळू आवाजात बोलत राहिला, सदरा घालत घालत, जणू सहज काहीतरी सांगतोय. "सोळा वर्षं झाले मले या इंजनवर. खाली कोयसा भरायचं वय नाही राह्यलं. पोट्टीचं लगन हाय दिवाळीनंतर. सोयऱ्याले सांगतलं हाय, बाप इंजनवर हाय म्हणून. दिवे पुसते म्हणून नाही सांगतलं." मग सदऱ्याची गुंडी लावता लावता विचारलं, "तुमची डॉक्टरीणबाई पाहते काय सगळी पट्टी?"

"नाही. मी लावतो तेवढंच पाहतात त्या."

"मंग?"

हरकऱ्यांना खिशातल्या कात्रीचं टोक मांडीला लागत होतं. तीन ठोके सहज निघाले असते. या माणसाचं लग्नकार्य निभावलं असतं, बाईंचा निबंध निभावला असता, त्यांचं स्वतःचं नाव निभावलं असतं. तिघांचंही भलं एका कात्रीत होतं आणि विरुद्ध बाजूला फक्त बारा माणसं होती, तीही कोण ते ठरलेलं नाही. जी त्या वेळी डोलीत असतील ती.

"आज वर येताना चार सेकंद तुमचा हात थांबला होता," ते म्हणाले. "मी मोजले."

"डोयात..."

"नत्थूजी. मी दोन वर्षं खोटं लावलं. मला माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत आहे."

नत्थूजी बाकावरून उठला. मग म्हणाला, "माहीत नव्हतं तवा बरे होते तुमी," आणि बाहेर निघून गेला.

संध्याकाळी साडेसहाला डॉ. खानझोडे आपल्या खोलीला कुलूप लावत होत्या. हरकऱ्यांनी व्हरांड्याच्या फरशीवर पट्टी सोडली. ती बाह्यरुग्ण विभागाच्या दारापर्यंत गेली, तिथून वळवून परत आणावी लागली. बाईंनी पर्स खाली ठेवली, साडी सावरली आणि गुडघ्यांवर बसून पट्टीच्या कडेने सरकू लागल्या. व्हरांड्यातून जाणाऱ्या एका सिस्टरने वाट बदलली. पाच सलग ठोक्यांपाशी बाई थांबल्या.

"कुणाची?"

"नत्थूजी काळबांडे. इंजिन खलाशी."

"याचं कार्ड स्वच्छ होतं."

"मी केलं होतं, मॅडम." आणि त्यांनी सांगितलं, रामाजी, तीन ठोके, टोपली, बंब. सांगायला पाच मिनिटं पुरली.

"किती जणांचे कापले?"

"जे हलल्यासारखे वाटले, सगळ्यांचे."

"धोंडबा?"

"आठवत नाही."

"देवराव?"

"आठवत नाही, मॅडम. मी त्याकडे कधी पाहिलंच नाही. नुसतं कापलं."

बाई गुडघ्यांवरच बसून होत्या. त्यांच्या दोन वर्षांच्या कामाचं काय झालं, हे त्या मनात मोजत असाव्यात, आणि हिशेब लवकर जुळला असावा. "उरलेला तक्ता काढू नका," त्या म्हणाल्या. मग उठून खोलीचं कुलूप उघडलं आणि खाणीला ट्रंक कॉल लावला. तो लागायला पावणेदोन तास लागले. तोवर दोघं समोरासमोर बसून होते. मॅनेजर घरी जेवत होते. त्यांना ताटावरून उठवण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून नत्थूजी काळबांडे दिवाघरात बसला.

यंत्र पासाशिवाय बाहेर नेल्याबद्दल हरकऱ्यांना मेमो मिळाला आणि लेखी खुलासा द्यावा लागला. ठोके कापल्याबद्दल काही झालं नाही, कारण ठोके कापू नयेत असा नियमच नव्हता. परिषदेत बाईंनी आधीचा निबंध वाचला नाही. त्याऐवजी आपल्याला रोग का दिसला नाही, यावर त्या नऊ मिनिटं बोलल्या. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सहानुभूतीने विचारलं, की तंत्रज्ञावर कारवाई झाली ना. बाई म्हणाल्या, "स्वच्छ कार्डं मीच मागत होते." टाळ्या बेताच्याच पडल्या.

मग सगळ्यांचे आलेख नव्याने काढले. त्याला दीड वर्ष लागलं, कारण रोल मिळायचे नाहीत आणि आता प्रत्येकाची अख्खी पट्टी ठेवायची होती. असे ठोके असलेली सव्वीस माणसं निघाली. त्यातले तिघं पुढे गेले, बाईंनी भीत भीत आधीच सांगितलं होतं तसंच. बाकीचे का गेले नाहीत, हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. गोळ्या दिल्या होत्या, कामं बदलली होती. पण त्यामुळेच, असं शपथेवर म्हणायला त्या तयार नव्हत्या.

नत्थूजी या न गेलेल्यांपैकी होता. त्याला कडू गोळ्या मिळाल्या, त्यांनी त्याचं पोट बिघडे, आणि तो त्या घेई. मुलीचं लग्न झालं. हरकऱ्यांना पत्रिका आली नाही. दिवाघरात तो दिवे पुसत बसे आणि बुधवारी यंत्र आलं की बाकावर आडवा होई, सदरा वर करून, एक शब्द न बोलता. इतरांशी मात्र बोले. "या माणसानं मले इंजनवरून उतरवलं. सात वर्षं झाले. मले काई झालं काय?" ऐकणाऱ्यांना ते पटे. हरकऱ्यांनाही त्यात तर्काची चूक काढता येत नसे. ज्याला काही होत नाही, त्याला काय झालं असतं, ते दाखवायला यंत्र नाही.

निवृत्त झाल्यावर, १९८४ च्या जानेवारीत, नत्थूजीला शेवटच्या तपासणीसाठी नागपूरला रुग्णालयात बोलावलं. खाणीशी संबंध संपला होता, तरी तो आला, टोपी घालून, मुलीने दिलेली पिशवी घेऊन. हरकऱ्यांनी पट्टे बांधले. यंत्र नवं होतं, जपानी. तीन रेघा एकदम काढी. दहा मिनिटं पट्टी बाहेर येत राहिली.

"कशी हाय?" नत्थूजीने साडेसात वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"खराब."

"तवासारखी?"

"तेव्हासारखीच. थोडी कमी."

"मंग मले उगाच उतरवलं तुमी."

"असेल," हरकरे म्हणाले.

नत्थूजीला बहुधा याहून जास्त काही हवं होतं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसासारखा तो क्षणभर बसून राहिला. मग त्याने छातीवरची जेली आपल्याच पंच्याने पुसली, चपला पायात सरकवल्या आणि येतो न म्हणता निघाला. हरकरे खिडकीशी गेले. फाटकाबाहेर सावनेरची गाडी उभी होती, गर्दी बेताची. नत्थूजीने रस्ता ओलांडला, मधे एकदा थांबून सायकलवाल्याला शिव्या दिल्या, दांडी धरून पायरीवर पाय ठेवला आणि आत गेला. गाडी सुटेपर्यंत हरकरे तिथे उभे होते. टेबलावर पट्टी गुंडाळायची राहिली होती.